हजार माणसांची बैठक



आजच्या व्याख्यानाची पत्रिका वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. कामगार संघटनेत आयुष्य काढलेला, सातवीत शाळा सुटलेला माणूस, आणि तो गुरुत्वीय लहरींवर बोलणार! शंका रास्त आहे. पदार्थविज्ञान शिकविण्याचा आमचा अधिकार नाही, आणि तसा आव आम्ही आणणारही नाही. बैठक या विषयावर बोलण्याचा अधिकार मात्र आम्हांला आहे, असे आम्ही समजतो. जिनिंग-प्रेसिंगचे कामगार, बाजार समितीतले हमाल, नगरपालिकेचे सफाई कामगार यांच्या बैठका भरविण्यात आमची तीस वर्षे गेली. बैठक कशी मोडते, कोण मोडतो, इतिवृत्त लिहिलेले कोणाला नको असते आणि 'पुढच्या वेळी पाहू' या शब्दांचा खरा अर्थ काय, हे आम्हांला पुस्तकात शोधावे लागले नाही. म्हणून जगातल्या शंभराहून अधिक संस्थांतले हजारावर शास्त्रज्ञ नियमाने बैठका घेऊन एकच काम करतात, आणि त्या कामाचे एक ठाणे आपल्या शेजारी उभे राहणार आहे, असे वाचनात आले, तेव्हा आम्ही त्यांच्या लहरींपेक्षा त्यांच्या बैठकांच्याच मागे लागलो.

शेजारी म्हणजे अगदी शेजारी. वाशीमला पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की पुढे हिंगोली लागते, आणि हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथ. नामदेवांसाठी तिथले देऊळ फिरले ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. त्याच तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मान्यता दिली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. मधली सात वर्षे कशात गेली, ते सरकारी कागद फिरताना पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. काम चार संस्थांत वाटले आहे. पुण्याचे आयुका, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठीय केंद्र; इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र; गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था; आणि अणुऊर्जा खात्याचा बांधकाम विभाग. एकाकडे प्रकाशकिरणांची यंत्रणा, दुसऱ्याकडे निर्वात नळ्या, तिसऱ्याकडे माहितीचे गणित, चौथ्याकडे इमारती. यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेकडून यावयाचे. एका घरातल्या चार भावांना एका लग्नाचा खर्च वाटून देताना किती बैठका लागतात ते आठवा, म्हणजे इथे काय लागत असेल याचा अंदाज येईल.

आता हे यंत्र करते तरी काय? काटकोनात दोन सरळ नळ्या, प्रत्येक चार किलोमीटर लांब, आतली हवा काढून टाकलेली. त्यांतून लेसरचा प्रकाश जातो, टोकाच्या आरशांवर आपटून परत येतो. दूर कोठेतरी दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली की अवकाशालाच हेलकावा बसतो, आणि तो इथे पोचला की एक भुजा किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते. किंचित म्हणजे किती? प्रोटॉन नावाचा जो कण अणूच्या पोटात असतो, त्याच्या रुंदीच्या हजाराव्या हिश्शाच्या घरात. धान्याच्या काट्यावर माशी बसली तर हमालाला कळत नाही. इथे माशीच्या पंखावरच्या धुळीचा हिशेब आहे. साहजिकच रस्त्यावरची मालमोटार, दूरच्या समुद्राच्या लाटा, वारा, भूकंप, सारेच त्या यंत्राला हलवितात. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचे धक्के बसले, ते आपल्या स्मरणात असतील. खऱ्या हेलकाव्यापेक्षा खोटे हेलकावे कितीतरी पटींनी अधिक.

मग खरा ओळखायचा कसा? इथे संगणक येतो, आणि इथेच आपल्या महाराष्ट्राचे नाव येते. आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली असे मांडले, की लहरीचा आकार गणिताने आधी काढून ठेवावा, निरनिराळ्या वजनांच्या ताऱ्यांसाठी असे नमुने तयार करावेत, आणि यंत्रातून येणाऱ्या गोंगाटावर एकेक नमुना ठेवून पाहावा. त्या वेळी जगात कोठेही ही लहर ऐकू शकणारे यंत्र नव्हते! पुढे २०१५ च्या शोधात जे नमुने ठेवून पाहिले, ते सुमारे अडीच लाख होते. अडीच लाख किल्ल्या, आणि कुलूप सेकंदाच्या काही भागापुरतेच दिसणारे. एवढे गणित एका संस्थेच्या संगणकाला झेपत नाही. ते अमेरिकेत, युरोपात आणि आपल्या पुण्यातल्या आयुकाच्या 'सारथी' नावाच्या संगणकसमूहावर वाटून चालते. काम वाटले की ताळमेळ आला, आणि ताळमेळ आला की बैठक आली.

ही गोष्ट एकट्याने करून पाहणारा माणूसही होऊन गेला. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमचे मोठे दंडगोल टांगून या लहरी पकडण्याचा प्रयत्न केला, आणि १९६९ साली लहर सापडल्याचे जाहीर केले. इतरांनी तशीच यंत्रे बांधून पाहिली. कोणालाही काही सापडले नाही. वेबर अखेरपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. मोठा कर्तबगार माणूस. या क्षेत्राची वाट त्यांनीच पाडली, हे कोणी नाकारीत नाही. परंतु त्यांच्या आकड्यांना त्यांच्याच घरात कोणी अडविणारे नव्हते. आमच्या मते लायगोची सगळी घडण ही वेबर यांच्या दुःखातून निघालेली आहे.

लायगोचे शास्त्रीय सहकार्य १९९७ साली स्थापन झाले. त्याची रचना आम्ही वाचली तेव्हा ती आम्हांला फार ओळखीची वाटली. प्रत्येक संस्थेचा गट वर्षाला लेखी करार करतो, की आम्ही अमुक काम करू. गटांचे प्रतिनिधी मिळून एक परिषद. प्रवक्ता निवडून येतो, नेमला जात नाही. २०१५ च्या शोधाच्या वेळी अर्जेंटिनात जन्मलेल्या गॅब्रिएला गोन्झालेझ या बाई प्रवक्त्या होत्या. निबंधावर नावे घालताना वर्णानुक्रम. थोरला-धाकटा हा भेद नाही. म्हणून शोधनिबंधावर पहिले नाव ॲबट यांचे आले, आणि पुढे नोबेल मिळालेले वाइस, थॉर्न, बॅरिश आपापल्या अक्षराच्या जागी हजारांच्या गर्दीत उभे राहिले. (नोबेल २०१७ साली मात्र त्या तिघांनाच मिळाले. पारितोषिक देणाऱ्यांचा नियम तीनच माणसांचा आहे. हजार माणसांना कसे द्यावे हे त्यांना अजून ठाऊक नाही.) वर्षातून दोनदा सर्वांची मोठी सभा, मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास, आणि मधल्या काळात, कृष्णविवरांच्या जोड्या शोधणारा गट, अचानक स्फोट शोधणारा गट, संथ अखंड लहर शोधणारा गट, पार्श्वभूमीचा मंद गुंजारव शोधणारा गट, असे प्रत्येकाचे वेगवेगळे आठवडी बोलणे. आधी दूरध्वनीवर, आता पडद्यावर.

आठवडी बैठक ऐकायला सोपी वाटते. तिची वेळ कोणती, हा पहिला प्रश्न. उदाहरणादाखल हिशेब सांगतो. लुइझियानात सकाळचे दहा वाजता बैठक ठेवली, महिना जुलै. कॅलिफोर्नियात आठ, ग्लासगोत दुपारचे चार, जर्मनीत हॅनोव्हरला पाच, पुण्यात रात्रीचे साडेआठ, जपानात मध्यरात्र आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नला रात्रीचा एक. तीच बैठक जानेवारीत घ्या. अमेरिकेचे घड्याळ हिवाळ्यात एक तास मागे सरकते, ऑस्ट्रेलियाचे त्या वेळी पुढे गेलेले असते. पुण्यात साडेनऊ, मेलबर्नला पहाटेचे तीन! आणि मार्चमध्ये तर मौजच. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे हॅनोव्हरचा माणूस नेहमीच्या वेळी येतो, तो बैठक आटोपलेली असते. आपला देश घड्याळाला हात लावीत नाही, म्हणून आपली माणसे मात्र वर्षातून दोनदा गोंधळतात.

घड्याळ हा साधा विषय नव्हे, हे मुंबईच्या गिरणी कामगाराला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होते. १९०६ च्या जानेवारीत सरकारने हिंदुस्थानची एक प्रमाणवेळ लागू केली. मुंबईचे घड्याळ ३९ मिनिटे पुढे गेले. गिरण्यांनी नव्या वेळेने भोंगा वाजविला, म्हणजे कामगाराला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी हजर व्हावे लागणार. त्यावरून काही हजार कामगार रस्त्यावर आले आणि दगडही पडले. मुंबई वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चिकटून राहिली होती. वेळ कोण ठरवितो, यावरून सत्ता कोणाची ते कळते. आम्ही ज्यांच्याशी बोलणी केली, त्यांतल्या एका मालकाने चर्चेसाठी नेहमी दुपारी दोनचीच वेळ दिली, कारण त्या वेळी आमची निम्मी माणसे गाठी उचलीत असत. नकार देण्याचा तो सभ्य मार्ग होता.

शास्त्रज्ञांत असा मालक नाही. पण भूगोल तोच खेळ खेळतो. बहुसंख्य माणसे अमेरिकेत आणि युरोपात, म्हणून वेळ त्यांच्या सोयीची पडते, आणि पूर्वेकडच्या तरुण विद्यार्थ्याच्या वाट्याला जागरण येते. रात्री साडेनऊला मुलाला झोपवायचे की बैठकीत तोंड उघडायचे, हा प्रश्न पुण्यातल्या एखाद्या संशोधक बाईपुढे असतो, हॅनोव्हरच्या पुरुषापुढे नसतो. यावर उपाय दोन-तीनच आहेत. वेळ ग्रिनिचच्या घड्याळाने ठरवून ती उन्हाळ्या-हिवाळ्यात हलू न देणे; जागरण आळीपाळीने वाटून घेणे; आणि सर्वांत महत्त्वाचे, जो आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी वाचता येईल असे इतिवृत्त लिहिणे. आमच्या अनुभवात तिसऱ्या उपायाला तोड नाही. लायगोच्या दोन्ही अमेरिकन वेधशाळांत यंत्रावर दररोज काय केले, कोणता पेच सैल केला, कोणती मालमोटार फाटकातून गेली, याची नोंदवही असते, आणि ती जगातल्या कोणालाही वाचता येते. आमच्या भागातल्या कोणत्या कारखान्याची नोंदवही अशी उघडी आहे, ते आपणच सांगा.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण आम्हांला त्याचेच सर्वांत नवल वाटले. सप्टेंबर २०१० मध्ये यंत्रांत एक जोरकस खूण उमटली. ती आकाशात बृहल्लुब्धकाच्या दिशेने आल्यासारखी दिसली, म्हणून तिचे टोपणनाव पडले 'मोठा कुत्रा'. सर्वांना आधीपासून एक गोष्ट ठाऊक होती : मूठभर माणसांना असा अधिकार दिलेला होता की त्यांनी केव्हाही, कोणालाही न सांगता, यंत्राचे आरसे हलवून खोटी लहर घालावी. घातली की नाही, ते पाकिटात बंद. ही अट सर्वांनी बैठकीत मान्य केलेली होती. मग सहा महिने शेकडो माणसांनी त्या खुणेवर काम केले. एका गटाचे गणित दुसऱ्याने तपासले. पृष्ठावर आकडा कोणता छापायचा यावर वाद झाले, तिच्यालगतचे गोंगाटाचे कण हिशेबात धरायचे की वगळायचे यावर वाद झाले. निबंध पूर्ण लिहून झाला. शीर्षकात 'पुरावा' एवढाच शब्द घातला, त्याहून मोठा दावा केला नाही. आणि मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियात आर्केडिया येथे भरलेल्या सभेत सर्वांसमक्ष पाकीट उघडले. लहर खोटी होती.

सभागृहात बसलेल्या तरुणांची मने कशी झाली असतील! सहा महिन्यांचे जागरण, आणि हाती एक खोटी कुत्र्याची पावले. परंतु कोणी उठून गेले नाही. खोटी लहर खोटी म्हणून नव्हे, तर बरोबर ओळखली गेली म्हणून नोंदली गेली. हॅरी कॉलिन्स नावाचे एक ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ कित्येक वर्षे या मंडळींच्या बैठकांत नुसते ऐकत बसत आणि टिपणे घेत. त्यांनी हा सारा इतिहास लिहून ठेवला आहे. आम्हांला वाटते, कामगार चळवळीच्या बैठकांतही असा एखादा गप्प बसून लिहिणारा माणूस हवा होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरविली, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन केले. एप्रिल १८९० च्या सभेत दहा हजार माणसे होती आणि दोन स्त्रिया बोलल्या. त्या दोघी काय बोलल्या, त्यांचा प्रत्येक शब्द आज हवा होता.

'मोठ्या कुत्र्या'ची तालीम पाच वर्षांनी उपयोगी पडली. १४ सप्टेंबर २०१५. आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे. लुइझियानातल्या यंत्रात एक खूण उमटली, आणि सेकंदाच्या सात सहस्रांशांनंतर तीन हजार किलोमीटरवरच्या हॅनफर्डच्या यंत्रात तीच. ती प्रथम पाहिली हॅनोव्हरमधल्या मार्को ड्रागो या इटालियन तरुणाने. पहिला प्रश्न सर्वांच्या तोंडी एकच : पाकिटातली तर नव्हे? या वेळी पाकीट नव्हते. मग आनंदाने ओरडावयाचे सोडून काय केले? यंत्रे आहेत त्या अवस्थेत गोठविली. एक पेच हलवायचा नाही. सोळा दिवसांची जोड माहिती जमू दिली. आणि योगायोग किती वेळा होऊ शकतो ते मोजले.

ते कसे मोजतात, हे आमच्या भाषेत सांगतो. कारखान्याच्या दोन फाटकांवर दोन हजेरीवह्या आहेत. दोन्हींत एकाच क्षणी एकच नाव आले, तर काहीतरी खरे घडले असावे. पण निव्वळ योगायोगानेही नाव जुळू शकते. तेव्हा एक वही मुद्दाम थोडी सरकवा. आता जे जुळेल ते खोटेच असणार, कारण वेळच खोटी आहे. असे लाखो वेळा सरकवून पाहिले. तेव्हा दिसले की इतकी जोरकस खूण योगायोगाने उमटावयाची, तर २ लाख ३ हजार वर्षांतून एकदाही कठीण. एकाहून अधिक गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्र लिहिलेल्या संगणक-आज्ञावली वापरून, हे काम केले. मुद्दाम स्वतंत्र. खर्च दुप्पट होतो, पण एकाची चूक दुसऱ्याच्या वहीत जात नाही. पाच महिने हजारावर माणसांनी तोंड बंद ठेवले, अफवा फुटल्या त्या फुटल्याच, आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगाला सांगितले, की १३० कोटी प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरे एक झाली. त्यानंतर इटलीचे व्हर्गो आणि जपानचे काग्रा हेही सामील झाले. आजवरच्या अशा नोंदी तीनशेच्या घरात गेल्या आहेत.

तर आता आपल्या दारातल्या गोष्टीकडे येतो. औंढ्याचे यंत्र सुरू झाले म्हणजे लहर आकाशात नेमकी कोठून आली हे आजच्यापेक्षा पुष्कळ बिनचूक सांगता येईल. जगाला त्याची गरज आहे, म्हणूनच ते इतक्या दूर पृथ्वीच्या या बाजूला हवे आहे. काम पुरे व्हायला अजून काही वर्षे आहेत. तेवढ्या वर्षांत रिसोडची, कारंजाची, मानोऱ्याची आज आठवीत असलेली मुले पदवीधर होतील. त्या आठवडी बैठकीत त्यांच्यापैकी कोणी बसेल काय? बसले तर बोलेल काय? परक्या भाषेत, परक्या वेळी, तिथले नेहमीचे बोलके लोक सोडून अध्यक्ष त्याच्याकडे वळेल काय? ज्यांच्याकडे हे काम आहे त्या संस्थांना आमचे सांगणे आहे, की सभा भरविण्याची कला विज्ञानाच्या पाठ्यक्रमात घाला. मुलाला समीकरण येते. 'माझे म्हणणे इतिवृत्तात घ्या' हे वाक्य येत नाही.

आणि दुसरी गोष्ट. अशा प्रकल्पावर कुंपण घालणारे, खड्डे खणणारे, रात्री पहारा करणारे, स्वयंपाक करणारे लोक लागतात. ते आपल्याच आसपासच्या गावांतले असतील, आणि बहुधा कंत्राटावर असतील. चार किलोमीटरच्या नळीजवळून मोटार गेली तरी आकडा बिघडतो. म्हणजे रात्रीच्या पहारेकऱ्याने काय पाहिले, हे त्या विज्ञानालाही हवे आहे. अमेरिकेत मालमोटार कधी गेली ते वहीत लिहिले जाते, मग इथल्या पहारेकऱ्यालाही वही द्या आणि त्याने लिहिलेले वाचा. हमालांसाठी या राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला, तो कोणी दिला नाही, बैठका घेऊन मिळविला. औंढ्याला वेधशाळेच्या आवारात महिन्यातून एकदा तिथल्या कंत्राटी माणसांची चालकांबरोबर बैठक व्हावी, तिचे इतिवृत्त मराठीत लिहिले जावे, आणि पुढच्या बैठकीत ते मोठ्याने वाचून मंजूर व्हावे, अशी सूचना आम्ही आमच्या संघटनेतर्फे लेखी पाठविणार आहोत. तिची एक प्रत या व्याख्यानमालेच्या चालकांकडेही ठेवतो. ज्यांना त्यावर सही करावयाची असेल त्यांनी बाहेर जाताना टेबलापाशी थांबावे.